मैत्री क्लिनिक, आमचं उपजिल्हा रुग्णालय: सिस्टर जागेवर असतील तर पाचपैकी पाच

आधी रस्ता सांगते, कारण पाटी सहजी दिसत नाही. केसपेपरच्या खिडकीपासून डावीकडे, एक्स-रे ओलांडून पुढे, एचआयव्ही तपासणीच्या खोलीला लागून हिरव्या पडद्याचं दार आहे, ते ‘मैत्री’, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींच्या तब्येतीच्या तक्रारींसाठीचं सरकारी क्लिनिक. ही जागा निवडणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. त्या बाकावर बसलेल्या पोराला कुणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोहोचलेली असते. म्हणून मुलगे फिरकत नाहीत. योजना खरं तर १० ते १९ वयाच्या सगळ्यांसाठी आहे, मुलगे असोत की मुली, लग्न झालेले असोत की नसोत. केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, त्यातलंच हे क्लिनिक.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सिस्टरांना अजून तिथेच नोकरी करायची आहे.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डची मुख्य सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. जुनी खोड जात नाही: कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी सिस्टरांची ड्युटी रूम बघते. संडासाला आतून कडी आहे का, प्यायचं पाणी आहे का, ड्युटी चार्टवर खाडाखोड किती. नाईट करून पुन्हा सकाळी थांबवलेली सिस्टर सोळा वर्षांच्या पोरीची पाळीची तक्रार शांतपणे ऐकून घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

भाची अकरावीत. जिना चढली की धाप लागायची, पाळी आठ-आठ दिवस चालायची. आधी एका खाजगी दवाखान्यात पाचशे रुपये मोजून आलो होतो. तिथे सगळे प्रश्न माझ्या बहिणीला विचारले गेले आणि पोर टेबलावरचा पेपरवेट बघत बसली. इथे सिस्टरांनी पहिला प्रश्न तिलाच केला, “बरोबर कोण आलंय? त्या आत थांबल्या तर चालेल का बाहेर बसू देत?” बाईसाहेब बिनदिक्कत ‘बाहेर’ म्हणाल्या. मग मला, “ताई, दहा मिनिटं बाकावर बसता का? तिथे पंखा आहे.” मला जरा लागलंच. पण मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आत काय झालं ते भाचीने रिक्षात तिला हवं तेवढं सांगितलं. सिस्टर सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, “तू बोलशील ते या खोलीत राहील. पण कुणी तुझ्यावर जबरदस्ती करत असेल किंवा तुला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर मला पुढे कळवावं लागेल.” मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा गोड शब्द द्यायचा आणि मग पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवायचं, यात पोरीचा विश्वास कायमचा जातो. अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत कळवणं २०१२ पासून कायद्याने बंधनकारकच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक वाट मोकळी केली: अशी मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही. हे पालकांना तर नाहीच, पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

हिमोग्लोबिन निघालं ९.४. नवल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी होतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आमच्या भाचीबाई वर्षभर खिडकीबाहेर टाकत होत्या, हेही तिथे बाहेर आलं, तेही कुणी न ओरडता. मळमळ होते म्हणून टाकायची, एवढं साधं कारण होतं, आणि ते तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. सिस्टरांनी समजावलं: जेवणानंतर घे, चहा त्याच्या आसपास नको, लिंबू चालेल, शौचाला काळं होईल तर घाबरू नको. तपासणी, गोळ्या, केसपेपर, सगळं फुकट. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तसं आहेच.

माझ्या शेजारी बाकावर एक पोरगं बसलं होतं. अंगात शर्ट-पँट, केस बारीक, आणि केसपेपरवर ‘स्त्री’. खिडकीवरच्या माणसाने “हा पेपर नक्की कुणाचा?” असं दोनदा मोठ्यांदा विचारलेलं अख्ख्या रांगेने ऐकलं होतं. सिस्टर बाहेर आल्या, हळू आवाजात “तुला काय नावाने हाक मारू?” विचारलं आणि पुढे त्याच नावाने बोलल्या. दोनच मिनिटांचं काम. तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल २०१४ चा, तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा २०१९ चा. खिडकीपर्यंत अजून काहीच पोहोचलेलं नाही. रॅम्पचंही तेच. मुख्य दाराला छान रॅम्प आहे आणि ‘मैत्री’च्या दाराला चांगला चार इंचांचा उंबरा. व्हीलचेअरवरच्या मुलाने काय करायचं?

आता कमी गुण कशाला ते सांगते. पुन्हा दाखवायला बोलावलं त्या दिवशी दाराला कुलूप. सिस्टर लेबर रूममध्ये. तिथली एक रजेवर, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर, बदली कुणी दिलेलं नाही. समुपदेशक कंत्राटी, त्यांना त्या दिवशी मीटिंगला पाठवलेलं. दीड तास बसून परत आलो. साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक सिस्टर, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, हे प्रमाण आम्ही शिकत होतो तेव्हापासून कागदावर आहे. माझ्या शेवटच्या वॉर्डात रात्री चाळीस पेशंट आणि मी. त्यामुळे कुलपाचा राग सिस्टरांवर नाही. ‘मैत्री’ला वेगळं माणूस द्यायचं नसेल, तर ज्याला कधीही उचलून दुसरीकडे पाठवता येईल त्यालाच तिथे बसवायचं, हाच शिरस्ता दिसतो.

जाता जाता ड्युटी रूममध्ये डोकावलेच. सुया कापायचं मशीन चालू होतं, सुयांचा पांढरा डबा वाहत नव्हता, कडी होती, पाणी होतं. एवढं नेटकं मी अनेक मोठ्या रुग्णालयांत पाहिलं नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या समितीचा फलकही होता, फक्त अध्यक्षबाईंची बदली कधीच झाली आहे म्हणे. चार्टवर त्याच सिस्टरांच्या नावापुढे तीन ठिकाणी खाडाखोड होती.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत पोहोचा आणि लसीकरणाचा दिवस टाळा. पोरीला किंवा पोराला एकटं आत सोडा, पुरुषांनीही आणा मुलांना. बाहेर तक्रारपेटी आहे. चिठ्ठी टाकायची तर सिस्टरांच्या नावाने नको, रिकाम्या जागा कधी भरणार ते विचारा, आणि पेटीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून घ्या. मला चौघांनी चार नावं सांगितली.