सॅटिन रंगातली एमएम ५४०: उद्यमनगरातल्या पेंट शेडचा अनुभव

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये माझ्या एमएम ५४० ला, म्हणजे महिंद्राच्या जीपला, सॅटिन रंग करून घेतला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, आता उसाचा गाळप हंगामही संपत आलाय, म्हणून लिहायला बसलो. शेडमधून बाहेर पडते त्या दिवशी कुठलीही गाडी देखणीच दिसते, त्या दिवसाच्या फोटोंवर जाऊ नका. शेडचं नाव देत नाही, कारण तिथल्या पेंटर मामांनी तसं सांगितलंय. "फोन वाढले की हात घाई करतो," असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचा हात घाईत चालावा असं मलाही वाटत नाही.

सॅटिनच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, सिलिकाची अतिशय बारीक भुकटी असते. कोट सुकताना तिच्यामुळे वरचा थर डोळ्याला न दिसणाऱ्या प्रमाणात खडबडीत होतो, उजेड विखुरतो आणि मंद तकाकी येते. चमक मोजायच्या मीटरवर ६० अंशांच्या कोनात ग्लॉस, म्हणजे नेहमीचा चकचकीत रंग, ८० च्या वर जातो, सॅटिन साधारण २० ते ४० मध्ये बसतो. अडचण तिथेच आहे. ग्लॉसवर कचरा बसला किंवा ओघळ आला तर २००० नंबरचा घासपेपर मारून रबिंग करता येतं. सॅटिनवर रबिंग केलं की तेवढाच भाग चकाकतो आणि तसाच राहतो. टच-अपही लपत नाही, अख्खा पॅनल पुन्हा मारावा लागतो. त्यामुळे या रंगाचं टिकणं बहुतेक खालच्या कामावर ठरतं, आणि ही शेड मला आवडली ती त्या कामासाठी.

पायाखालचा पत्रा आणि मागच्या मडगार्डचे सांधे सडले होते. "लांबी भरून देतो" असं सांगणारे, म्हणजे सडक्या जागी नुसती पुट्टी भरणारे, पेंटर गावात भरपूर आहेत. मामांनी आधी वेल्डरकडे पाठवलं, सडका पत्रा कापून नवा बसवायला लावला. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती पातळ लांबी, आणि ती कोरडीच घासली. पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, ते पाणी आत राहिलं की वर्षभरात फोड येतात. नंतर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) फिलर प्रायमर, करड्या-निळ्या रंगाचा बेस आणि त्यावर चक्क ग्लॉस क्लिअर. मी विचारलं, "मामा, सॅटिन करायचंय ना?" ते म्हणाले, "करायचंय की. पण खालचं अंग आधी गुळगुळीत हवं." ग्लॉस पूर्ण वाळल्यावर ८०० च्या पेपरने सगळा ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, काढला आणि मगच सॅटिन मारला. अशाने थराची जाडी आणि उन्हापासूनचा बचाव खालचा ग्लॉसही सांभाळतो, वरचा सॅटिन पातळ ठेवता येतो. सॅटिन जाड बसला की हमखास चट्टे पडतात.

शेवटचा टप्पा मी उभं राहून पाहिला. दारं, बॉनेट, मागचं फाळकं, सगळं सुटं करून गाडीवर असतं तसंच उभं-आडवं टांगलं होतं. डबा तळापासून ढवळला, कारण भुकटी खाली बसते. आधी नमुन्याच्या पत्र्यावर त्याच गनने, त्याच दाबाने मारून पाहिलं. पहिला कोट सगळीकडे सारखा मंद दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावला नाही. ओल्यावर ओला कोट गेला की थिनर आत अडकतो आणि तकाकी जागोजागी बदलते. पॅनल सगळे एकाच डब्यातून, एकाच दिवशी. मामांच्या तोंडावर बाहेरून हवा पुरवणारा मास्क होता. टू-केच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने दमा जडू शकतो, साध्या रुमालाने ते अडत नाही. हा मास्क नसेल त्या शेडला मी तरी काम देणार नाही. पावसाळ्यात ते सॅटिन घेत नाहीत, हार्डनर हवेतल्या ओलीशी भिडतो म्हणून.

आता टिकाऊपणा. कुडित्रे-कळे रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, बाहेर लोंबणारे ऊस दाराला घासून जातात. डाव्या दारावर दोन बारीक रेघा आहेत, क्लिअरच्या खाली एकही गेलेली नाही. दाजीपूरकडची तांबडी माती पाण्याने निघते. फोड नाही, गंज नाही, बॉनेटचा रंग उन्हात उडालेला नाही. सपाट पत्र्याच्या जीपला हा रंग शोभतो, नाद खुळा दिसते गाडी! ग्लॉसमध्ये तिच्या पत्र्याची प्रत्येक लाट दिसायची.

उणिवा दोन. फाळक्याच्या बिजागरीच्या कोपऱ्यात कोट जाड बसलाय आणि तेवढी जागा जास्त चमकते. दुसरं, खर्च लेखी मिळाला नाही. ग्लॉसच्या जवळपास दीडपट गेला, कामाच्या मानाने मला तो रास्त वाटला, पण कागद हवाच होता.

धुण्याचं पथ्य कडक आहे. सौम्य शाम्पू, भरपूर पाणी, मऊ कापड. वॅक्स आणि पॉलिश बंद. सर्व्हिस स्टेशनवाल्याला डिझेलचा फडका मारू नको म्हणून आधीच बजावा. पक्ष्याची घाण आणि टाकीजवळ सांडलेलं डिझेल तिथल्या तिथे धुवा. गाडी रोज रस्त्यावर उभी राहणार असेल, धुणारा दुसराच असेल, तर ग्लॉसच करा.

आणि हौशी जीपवाल्यांसाठी एक: ऑलिव्ह ग्रीन मागू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. दुसरा कुठलाही निवडलात तरी आरसी बुकावर आरटीओत नोंद करून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. शेडला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, आणि पत्र्याचं काम आधी उरकून.