टीवायवाल्यांसाठी करिअर काउन्सेलिंग: टेस्ट ठीकठाक, मॅडम भारी

5 पैकी साडेतीन, आणि त्यातले तीन नुसते काउन्सेलर मॅडमचे. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे, पुण्यातलंच आहे एवढं समजा.

मी टीवायबीएस्सी केमिस्ट्री. वर्गात सगळ्यांचं एकच चाललंय, एमएस्सी की एमपीएससी की सरळ एखाद्या फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची क्वालिटी तपासणाऱ्या लॅबला, चिकटायचं, आणि घरी बाबांचं बँकिंगचं टुमणं वेगळंच. फी साडेतीन हजार, त्यात टेस्ट, रिपोर्ट आणि तासभर बोलणं.

टेस्ट म्हणजे तीच जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाची सहा प्रकारांवाली, हाताने काम करायला आवडतं का, शोधाशोध आवडते का, शिकवायला, विकायला वगैरे. थिअरी 1959 ची, आणि त्याच बेसवरची 60 प्रश्नांची टेस्ट अमेरिकेच्या लेबर डिपार्टमेंटच्या ओ-नेट साइटवर चकटफू आहे, त्यामुळे नुसत्या टेस्टसाठी पैसे घालवू नका. रिपोर्ट जाडजूड, रंगीत, आणि आत काय तर सायंटिस्ट, प्रोफेसर, लॅब टेक्निशियन. अरे हे तर ॲडमिशन घेतली तेव्हाच माहीत होतं! जॅम ही एन्ट्रन्स देऊन एमएस्सी, मग नेट परीक्षा, त्यात जेआरएफ म्हणजे रिसर्चची फेलोशिप लागली तर महिना 37,000, पण ती लागेपर्यंत घरून पैसे घेत राहायचं का, यावर एक ओळ नाही. आमच्याकडे खरा वाद तोच आहे.

आता मॅडम. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं की लॅब मला आवडत नाही. त्यांनी विचारलं, "शेवटचं टायट्रेशन स्वतःच्या हाताने कधी केलंस गं?" आता टायट्रेशन म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट बघायची, आणि आमच्याकडे चौघांत एक ब्युरेट, जी हुशार ती कॉक फिरवणार, बाकीचे रीडिंग उतरवणार आणि गुलाबी जास्तच झालं म्हणून मागून कमेंट मारणार. मॅडम म्हणाल्या, मग आवडत नाही हे ठरवलंस कशावरून, तुला जमणार नाही असं वाटतंय, ते वेगळं. मग बांदुरा या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं, की 'मला जमेल' हा भरवसा चार ठिकाणांहून येतो, सगळ्यात जास्त स्वतः करून जमलं की, मग आपल्यासारख्याच कुणाला जमताना बघून, मग कुणी 'जमेल गं तुला' म्हटलं की, आणि चौथं म्हणजे हात थरथरणं, पोटात गोळा येणं, ज्याचा अर्थ आपण लगेच 'मला येत नाही' असा लावतो. माझी नीट, म्हणजे मेडिकलची एन्ट्रन्स, हुकलेली, घरात एमएस्सी कुणी नाही, म्हणजे पहिली दोन्ही ठिकाणं बोंबललेली. तेव्हा कुठे कळलं की एमपीएससीचं खूळ नेमकं नीटच्या रिझल्टनंतरच का शिरलं होतं डोक्यात.

होमवर्क दिलं: एकटीने एक प्रॅक्टिकल, आणि क्यूसीत लागलेल्या साध्या, टॉपर नसलेल्या सीनियरशी गप्पा. एचओडी सरांना विचारून रिकाम्या स्लॉटला केलं टायट्रेशन, पहिलं वाया, मग तीन रीडिंग जुळली. अजून ठरलं काहीच नाही, पण लॅबवर मारलेली काट खोडलीये. सीनियरने मात्र नाइट शिफ्टचं ऐकवून पार हवाच काढली, तेही बरंच झालं.

तक्रार रिसेप्शनची. निघताना 'पॅरेंट सेशन घेतलं नाही तर रिपोर्ट अपुरा' म्हणून अजून दोन हजार मागत होते, वर दोनदा फोन. मी नाही घेतलं. रिपोर्ट नको, फक्त मॅडमशी बोलायचंय असं आधीच सांगितलं तर हजार कमी करतात म्हणे, विचारून बघा.