मॉडेल ५०० : नळी लांब घ्या, काडतूस मवाळ घ्या

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या मॉडेल ५०० या रिव्हॉल्व्हरविषयी जे ऐकायला मिळतं, त्यातलं निम्मं ते कधीही हातात न धरलेल्या माणसांकडून आलेलं असतं. मनगट मोडतं म्हणे. दोन्ही हातांनी नीट धरलं तर नाही मोडत. कपाळावर येऊन आदळतं म्हणे. पकड ढिली आणि कोपरं वाकलेली असतील तर हे मात्र खरंच होऊ शकतं. माझे हात लहान आहेत, तळवा अरुंद, बोटं आखूड; तरीही हे रिव्हॉल्व्हर मी मजेत चालवते. सगळ्या लांबीच्या नळ्यांत नाही, आणि सगळ्या काडतुसांनी तर मुळीच नाही.

२००३ साली कॉर-बॉन या काडतुसांच्या कंपनीबरोबर मिळून हे बाजारात आणलं. त्यासाठी एक्स-फ्रेम नावाचा नवा, धिप्पाड सांगाडा बनवला. सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं मावतात, कारण अर्ध्या इंचाच्या सहा गोळ्यांना जागा द्यायची तर सिलिंडर कुठल्या कुठे गेला असता. ८.३८ इंची नळीचं रिव्हॉल्व्हर रिकामंच दोन किलोच्या आसपास भरतं. पहिल्यांदा उचलणारा हमखास वजनाला नाक मुरडतो. पहिला बार झाला की वजनाविषयी अवाक्षर काढत नाही.

साधा हिशेब करा. .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या नावाजलेल्या दणकट काडतुसाची नेहमीची गोळी २४० ग्रेनची (गोळीच्या वजनाचं माप), म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास. मॉडेल ५०० मधलं .५०० चं जोरदार काडतूस ४०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ २६ ग्रॅमची गोळी सेकंदाला पाचशे मीटरने फेकतं. वजन गुणिले वेग केलं की आकडा .४४ च्या दुप्पट येतो. त्यात जळालेल्या दारूच्या वायूचा रेटा वेगळा. हे सगळं तुमच्या तळव्यात येणार, आणि रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितकं ते जास्त वेगाने मागे येणार.

म्हणून चार इंची नळीचं मॉडेल मला पटत नाही. ते दीड किलोच्या थोडं वर आहे, दिसायला सुटसुटीत, कमरेला लावायला बरं. पण आखूड नळीत गोळीचा वेग घटतो आणि बरीचशी दारू नळीबाहेर जळते. म्हणजे ताकद कमी, जाळ आणि आवाज जास्त, झटका मात्र तसाच. लांब नळीत पुढचा भार तोंड खाली दाबून धरतो. झटका मोठाच असतो, पण तो ढकलल्यासारखा येतो. आखूड नळीचा थप्पड मारल्यासारखा.

मुठीला मात्र पैकीच्या पैकी गुण. रबर मऊ आहे आणि ते मागच्या पोलादी कण्यावरूनही जातं, त्यामुळे अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात धातू रुतत नाही. हीच मूठ स्मिथ अँड वेसनच्या हलक्या .४४ रिव्हॉल्व्हरवरही बसते, आणि अनेक जण ती मुद्दाम तिथे बसवतात. आमच्यासारख्या आखूड बोटांना एक अडचण येते: जाड मुठीमुळे चापापर्यंतचं अंतर वाढतं. मी आधी घोडा ताणते, त्याने चाप मागे बोटाजवळ येतो, आणि मग चाप ओढते. गादीचे हातमोजे घालत नाही, त्यांनी ते अंतर आणखी वाढतं.

अंगठा कुठे ठेवायचा हे आधी शिका. पिस्तूल चालवणाऱ्यांना डावा अंगठा पुढे, फ्रेमच्या कडेला टेकवायची सवय असते. इथे ते चालणार नाही. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून जो तापलेला वायू कडेने फुटतो, तो बोट फाडू शकतो. दोन्ही अंगठे मागे, मुठीवर. नळीच्या तोंडाशी असलेला कॉम्पेन्सेटर, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या भोकांचा भाग, तोंडाची उसळी कमी करतो, पण तोच धक्का कडेला फेकतो. शेजारच्या लेनमधला माणूस तुमच्यावर वैतागला तर तो बरोबर आहे. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही लागतात.

नवख्याच्या हातात देताना सिलिंडरमध्ये एकच काडतूस घाला. झटक्यानंतर माणूस घाबरून मूठ आवळतो, बोट चापावरच असतं, आणि नळी आभाळाकडे असताना दुसरा बार उडू शकतो.

आता काडतुसं, कारण खरा फरक तिथेच पडतो. २७५ पासून ७०० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात. ७०० ग्रेन म्हणजे ४५ ग्रॅम शिसं. त्याचा उपयोग मित्रांना व्हिडिओ दाखवण्यापलीकडे मला समजलेला नाही. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर तोंड वर उचललं गेलेलं असतं, म्हणून ती निशाणावर वर लागते. दर वेळी काडतूस बदललं की साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नव्याने जुळवत बसा. माझी पसंती ३५० ग्रेनच्या मध्यम वेगाच्या काडतुसांना. त्यांत हात दुखायच्या आधी डबा संपतो.

एका कंपनीचा जड गोळ्यांचा डबा मात्र मी अर्ध्यावर बाजूला ठेवला. पहिले दोन बार व्यवस्थित झाले, तिसऱ्याला सिलिंडर फिरेना. उघडून पाहिलं तर उरलेल्या एका काडतुसातली गोळी कवचातून पुढे सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावत होती. रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं, कवच काठाला धरून त्याच्याबरोबर ओढलं जातं, आणि जड गोळी जागच्या जागी राहू पाहते. कवचाचं तोंड गोळीवर घट्ट आवळलेलं नसेल, तर दर बाराला ती केसभर बाहेर येते. नवा डबा आणलात की एक काडतूस शेवटपर्यंत न उडवता ठेवा, आणि त्याची लांबी कॅलिपरने आधी आणि नंतर मोजा. वाढली असेल तर तो डबा या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

शिकारीला जाणाऱ्याने लांब नळीचं ५०० खुशाल घ्यावं. ज्याला फक्त मोठं रिव्हॉल्व्हर चालवायची हौस आहे, त्याने याच एक्स-फ्रेमवरचं, २००५ सालचं .४६० रिव्हॉल्व्हर आधी बघावं. त्यात .४५४ कसूल हे काडतूस चालतं, त्याहून मवाळ असं साधं .४५ कोल्टही चालतं. दोन किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून .४५ कोल्ट उडवलं तर झटका जवळपास जाणवतच नाही, आणि नेम शिकायला तेच बरं.