‘काकांचा संग्रह’ विकायला काढणाऱ्यांपासून सावध

जुन्या रेकॉर्ड्स, सामन्यांची जुनी तिकिटं, कार्यक्रमपत्रिका असं काही ऑनलाइन विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गेल्या वर्षी कॅनडात माझे नऊशे डॉलर गेले. ते परत येतील अशी आशा मी ठेवलेली नाही. पण ज्या रीतीने ते गेले ती रीत अजून चालू आहे, आणि ती ‘स्वस्तात मिळतंय म्हणून माणूस भुलला’ या नेहमीच्या प्रकारातली नाही. भाव रास्त होता, विकणारा घासाघीस करत होता, फोटो खऱ्या वस्तूंचे होते. म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

मी ओंटारिओतल्या हॅमिल्टनला राहतो. मला दोन नाद आहेत. पहिला जॅझचा. तो मुंबईतच लागला, धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रेच्या मैफली व्हायच्या तेव्हा. दुसरा इथे आल्यावर लागला, कॅनडियन फुटबॉलचा. अमेरिकन फुटबॉल पाहिलेल्याला हा खेळ ओळखीचा वाटतो, पण इथे एका बाजूला अकराऐवजी बारा खेळाडू, दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी आणि मैदान ११० यार्ड लांब. त्यामुळे चेंडू सारखा हवेतून फेकावा लागतो आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सामना कुणाचा ते सांगता येत नाही. आमच्या हॅमिल्टनच्या संघाने, टायगर-कॅट्सनी, १९९९ नंतर ग्रे कप, म्हणजे या खेळाचं विजेतेपद, जिंकलेलं नाही. तरी लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला, टोरोंटोच्या आर्गोनॉट्सशी गाठ पडली की अख्खं गाव काळ्या-पिवळ्यात निघतं.

या दोन नादांचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध जोडला तो त्या माणसाने. कसा, ते कळायला दोन वस्तूंची माहिती हवी.

पहिली वस्तू, मासी हॉलच्या रेकॉर्ड्स. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मासी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकत्र वाजवायला उभे राहिले. बीबॉप या जॅझच्या वेगवान शैलीतली एवढी मोठी पाच माणसं, एका रात्री, एका मंचावर. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची हेवीवेट लढत होती आणि इकडे हॉलमधल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. मिंगस आणि रोच यांची ‘डेब्यू’ नावाची स्वतःची लहानशी कंपनी होती. तिने हे ध्वनिमुद्रण आधी दहा इंची तबकड्यांवर काढलं. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी, म्हणून कव्हरवर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’ असं छापलं. पुढे बारा इंची आवृत्त्या निघाल्या, १९८० च्या दशकात पुनर्मुद्रणही झालं. ती नंतरची रेकॉर्ड थोडक्या पैशांत मिळते आणि वाजतेही उत्तम. पण पहिल्या दहा इंची तबकड्या हातात घ्यायच्या, ही इच्छा मला कितीतरी वर्षं होती. जिथे मी राहतो तिथून तासाभरावर घडलेली ती मैफल आहे.

दुसरी वस्तू, १९६२ च्या ग्रे कपचं तिकीट. शनिवार, १ डिसेंबर, टोरोंटोचं स्टेडियम, विनिपेग ब्लू बॉम्बर्स विरुद्ध आमचे टायगर-कॅट्स. सरोवरावरून असं धुकं आलं की वर उडवलेला चेंडू झेलणाऱ्यालाच दिसेना. प्रेक्षक नुसते आवाजावरून अंदाज बांधत बसले. सामना संपायला ९ मिनिटं २९ सेकंद उरलेली असताना खेळ थांबवला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी, रविवारी खेळवला. विनिपेग २८, हॅमिल्टन २७. एका गुणाने हरलो. इथली जुनी मंडळी हा ‘फॉग बोल’ आजही काल घडल्यासारखा सांगतात.

आता तो माणूस. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर त्याने टायगर-कॅट्सच्या सत्तरच्या दशकातल्या एका सामन्याची कार्यक्रमपत्रिका विकायला ठेवली होती. किरकोळ किंमत. मी घेतली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, कडा न दुमडता आली. वस्तू अस्सल होती. ही पहिली प्रामाणिक विक्री याच कामासाठी असते, हे लक्षात ठेवा. तेवढ्या पैशांत तो गिऱ्हाइकाचा विश्वास विकत घेतो आणि गिऱ्हाईक नेमकं कशावर जीव टाकतं तेही शिकून घेतो.

मग त्याने विचारलं, आणखी काय जमवता? जॅझ म्हटल्यावर त्याचं उत्तर आलं, “माझे काका वारले. त्यांच्या तळघरात रेकॉर्ड्सची खोकी आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. काय बघू ते सांगाल का?”

या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत धारदार वाक्य ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हेच. संग्राहक माणसाला आपल्या आवडीबद्दल सांगायला आवडतं. विचारणारा अडाणी आणि नम्र असेल तर जास्तच. त्याने एकेक प्रश्न विचारत माझ्याकडून सगळं काढून घेतलं: डेब्यूच्या पहिल्या तबकड्या दहा इंची असतात, चार्ली चॅन म्हणजे पार्कर, शेवटची खाच आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे बघावेत. दोन दिवसांनी हेच सगळं माझ्याकडे परत आलं, काकांच्या तोंडून. काकांनी कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवली आहे, तीत ‘चॅन हाच पार्कर’ असं लिहिलंय म्हणे. काका तरुणपणी मासी हॉलच्या त्या मैफलीला गेले होते म्हणे. फॉग बोललाही दोन्ही दिवस गेले होते आणि तिकीट त्यांनी अल्बममध्ये जपून ठेवलं होतं.

त्याच सुमारास, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, कॅनडियन फुटबॉल लीगने खेळाचे नियम बदलत असल्याचं जाहीर केलं. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं होणार, गोलचे खांब मागच्या रेषेवर जाणार. आम्हा चाहत्यांच्या मनाला हे फार लागलं. मैदान अमेरिकन मापाचं करायचं तर मग आपलं काय राहिलं? त्या माणसाने हेही धरलं. “काका असते तर रडले असते,” असं त्याने लिहिलं. दुसऱ्याच्या खऱ्या दुःखाचा असा वापर करणाऱ्याबद्दल मला जी चीड आहे ती नऊशे डॉलरपेक्षा मोठी आहे.

तपासण्या मी केल्या. फोटो इंटरनेटवर उलटे शोधून पाहिले, म्हणजे तेच फोटो आधी कुठे वापरलेत का ते पाहिलं, काही सापडलं नाही. माझं नाव लिहिलेली चिठ्ठी रेकॉर्डशेजारी ठेवून फोटो मागितला, तो आला. खातं पाहिलं, कित्येक वर्षं जुनं, अभिप्राय चांगले. प्रत्यक्ष येऊन नेतो म्हटलं, तर त्याने गाव सांगितलं सडबरी. बर्फाच्या तोंडावर पाचेक तासांचा रस्ता. पैसे ई-ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात, हवे होते, कारण ‘काकांच्या इस्टेटीच्या खात्यात कार्ड चालत नाही’. किमतीवरून आमची चांगली ओढाताण झाली. तो सहजी खाली येत नव्हता, आणि म्हणूनच तो खरा वाटत होता.

पार्सल आलं. आत मासी हॉलची बारा इंची रेकॉर्ड, नंतरचं पुनर्मुद्रण. कव्हरच्या मागे कॅलिफोर्नियातला पत्ता, त्यात पाच आकडी झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड. अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाला. १९५३ च्या कव्हरवर तो असूच शकत नाही. आणि तिकीट? घरगुती प्रिंटरवर छापून चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं पिवळं केलेलं. फोटोत तारखेवर नेमकी दिव्याची तिरीप पडली होती. हातात आल्यावर वाचलं: ‘डिसेंबर १ आणि २, १९६२’. सामना ठरला होता फक्त १ तारखेला. धुकं येईल हे तिकीट छापणाऱ्याला आधीच कसं कळणार?

मी लिहिलं. उत्तर एकच आलं: “तुम्ही मासी हॉलची रेकॉर्ड मागितली, मासी हॉलचीच पाठवली.” त्यानंतर जाहिरात गेली, खातं गेलं, त्याचे निरोपही पुसले गेले. माझ्याकडे संभाषणाचे स्क्रीनशॉट होते, पोलिसांकडे द्यायला तेवढेच उपयोगी पडले.

पार्सल रिकामं न पाठवण्यामागे हिशोब असतो. टपालाच्या नोंदीत ‘पोहोचलं’ असं येतं आणि मग वाद ‘वस्तू मिळाली नाही’ असा न राहता ‘वस्तू कुठली मिळाली’ असा होतो, जो सिद्ध करायला फार कठीण. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या संमतीने पाठवलेत, समोरच्या खात्यात जमा झालेलं ई-ट्रान्सफर परत ओढता येत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान हरकत घेता आली असती. त्याला कार्ड का नको होतं ते यावरून समजा. पोलिसांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. कॅनडाच्या फसवणूक-विरोधी केंद्रालाही मी सगळं कळवलं. ते प्रत्येक प्रकरणाचा तपास करत नाहीत, पण एकाच माणसाच्या दहा तक्रारी तिथे एकत्र येतात, म्हणून रक्कम लहान असली तरी कळवा.

फोटोंचं कोडं सुटलं ते आमच्या ओळखीतल्या एका काकांमुळे. मूळ सांगलीचे, ऐंशीच्या पुढचे, टोरोंटोत राहतात आणि माझ्याहून कितीतरी आधीपासून रेकॉर्ड्स जमवतात. मी फोटो दाखवले तर ते लगेच म्हणाले, “अरे, हे कव्हर मी ओळखतो. याच्या मागे शाईने मालकाचं नाव आहे बघ.” मी म्हटलं, “काका, इथे तर काहीच नाही.” “तिथे अंगठा ठेवलाय त्याने,” ते म्हणाले. काही वर्षांपूर्वी एका लिलावात त्यांनी स्वतः या तबकड्यांवर बोली लावली होती आणि लिलावाचे फोटो जपून ठेवले होते. ताडून पाहिलं. तीच कोपऱ्यातली चीर, तोच पाण्याचा डाग. फोटो कापून, त्यावर अंगठा आणि माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून बनवले होते. म्हणून उलट शोधात ते सापडले नाहीत.

त्यानंतर मी खरेदीची रीत बदलली. प्रश्नात उत्तर द्यायचं नाही. ‘तबकडी दहा इंचीच आहे ना?’ असं न विचारता ‘पट्टीने मोजून दाखवा’ म्हणायचं. गुळगुळीत पट्टीवर अमुक अक्षरं आहेत का, असं न विचारता ‘जे दिसतंय ते सगळं, खाडाखोडीसकट, लिहून पाठवा’ म्हणायचं. पन्नास-साठच्या दशकातल्या ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड्सवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं किंवा नाव असतं आणि १९६६ पर्यंत ज्या कारखान्यात त्या दाबल्या जायच्या त्याची कानासारखी दिसणारी खूण असते. खरी तबकडी हातात असलेला माणूस ती खूण ओळखीची नसली तरी ‘इथे काहीतरी वेडंवाकडं कोरलंय’ असं आपणहून सांगतो. ज्याच्या हातात ती नाही तो तुम्हालाच विचारतो, काय असायला हवं?

फोटोपेक्षा व्हिडिओ कॉल मागा. तबकडी दिव्याखाली तिरकी धरायला सांगा, कव्हर उलटंपालटं करायला सांगा, तिकिटाची मागची बाजू दाखवायला सांगा. नकाराची कारणं गोड असतील: कॅमेरा बिघडलाय, वस्तू बहिणीकडे आहेत, काकूंना त्रास होतो. कारण कितीही हळवं असलं तरी पैसे थांबवा.

भारतातून खरेदी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्या विकणारे ‘वाटेत तुटली, टपालवाल्यांना विचारा’ हे कारण तयारच ठेवतात. यूपीआयने एखाद्या खाजगी नावावर आगाऊ रक्कम मागत असतील तर सरळ नाही म्हणा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आणि हे खास कॅनडातल्या मंडळींसाठी. २०२६ चा ग्रे कप कॅल्गरीत आहे. तेच फोटो, तोच अंगठा असलेली जाहिरात मला नुकतीच पुन्हा दिसली. या वेळी गाव कॅल्गरीजवळचं, वारलेले काका नाहीत, आजोबा आहेत, आणि रेकॉर्ड्सबरोबर या वर्षीच्या सामन्याची ‘जादा झालेली दोन तिकिटं’ही आहेत. मी तक्रार केली, जाहिरात उतरली, पण ती दुसऱ्या नावाने पुन्हा चढेल. सामन्याचं तिकीट विकणाऱ्याच्या अधिकृत खात्यातून तुमच्या अधिकृत खात्यात हस्तांतरित झालेलं दिसेपर्यंत पैसे देऊ नका. स्क्रीनशॉट किंवा छापलेला कागद म्हणजे तिकीट नव्हे. कव्हरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दिसला तर जाहिरातीचा फोटो काढून ठेवा आणि साइटला, पोलिसांना आणि फसवणूक-विरोधी केंद्राला, तिघांनाही कळवा.