मुलाचा नंबर वाढतोय: साधा चष्मा, नव्या काचा की थेंब?

भाचीचा नंबर वर्षात उणे 1.5 वरून उणे 2.5 झाला. बहिणीचा गुहागरहून फोन आला, "दादा, थेंब घालू की त्या महागाच्या काचा घेऊ?"

साध्या चष्म्याने फळा दिसतो, पण डोळ्याची वाढ थांबत नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. डोळा पुढून मागे लांबट होतो. 1 मिलिमीटर वाढला की नंबर साधारण 2.5 ते 3 ने चढतो. डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, त्याच्या कडेला प्रतिमा पडद्यामागे पडत राहिली, की पडद्यातल्या पेशी वाढीचा निरोप धाडतात. तो मेंदूकडून येत नाही. प्रयोगात कोंबडीच्या पिल्लांची मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस कापली तरी डोळा वाढतच राहिला. निरोप पोचतो डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भिंतीपर्यंत. तिथल्या धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन, म्हणजे भिंतीला बळकटी देणारे धागे, कमी बनवतात, आहे ते तोडणारी विकरं वाढतात, आणि सैल पडलेली भिंत मागे ताणली जाते.

नव्या काचांत मधला भाग साधा असतो, भोवती शेकडो बारीक भिंगं; उजेडात तिरकी धरली की पोळ्यासारखी नक्षी दिसते. ही भिंगं काही उजेड पडद्याच्या पुढे आणतात. हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या चाचणीत नंबराची वाढ 52 टक्क्यांनी कमी झाली. मात्र चष्मा दिवसभर नाकावर हवा.

थेंब म्हणजे एट्रोपिन या औषधाचा रात्री एक थेंब. इथे बाटलीवरची टक्केवारी बघाच: हाँगकाँगलाच पहिल्या वर्षी 0.05 टक्क्याने वाढ 67 टक्क्यांनी रोखली, 0.01 ने जेमतेम 27. जास्त ताकदीच्या थेंबांनी ऊन खुपतं, आणि एकदम सोडले तर नंबर पुन्हा उसळतो.

बहिणीला म्हटलं, आधी काचा घे. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना विचारून थेंब जोडू.

धाकट्याला अजून नंबर नाही, त्याला मात्र अंगणात सोड. भरपूर उजेडात पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन स्रवतं, ते वाढीला लगाम घालतं. ग्वांगझूमध्ये शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलेल्या मुलांत तीन वर्षांत 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी, म्हणजे हाच उणे नंबर, आली, बाकीच्यांत 39.5. आपल्याकडे पावसाचे चार महिने पोरं काळोख्या माजघरात मोबाइल घेऊन बसतात. पाऊस उघडला की खळ्यात, नाहीतर निदान पडवीच्या कडेला तरी बसव.

आणि पुढच्या तपासणीला नुसता नंबर नको, डोळ्याची लांबीही मोजून घे. ते यंत्र सगळ्या दवाखान्यांत नसतं, निघायच्या आधी फोन करून विचार.