वॉटर फ्लॉसर, आठ महिन्यांनंतर : झोत उत्तम, चार्जिंगवरची रबरी टोपी निकृष्ट

पंधरा दिवसांपूर्वी माझा बिनतारी वॉटर फ्लॉसर, म्हणजे दातांच्या फटींत अडकलेले कण पाण्याच्या झोताने काढणारे यंत्र, बंद पडला आणि पाणी आत शिरून झालेला बिघाड हमीत बसत नाही, असे लेखी उत्तर दुरुस्ती केंद्राकडून आले. पाण्याचा झोत सोडणे हेच ज्या यंत्राचे काम आहे, त्याच्या बाबतीत हे उत्तर मला मान्य नाही. त्यामुळे आठ महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

खालची आडवी अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची ठरली, तेव्हा आदल्याच दिवशी मी हे यंत्र घेऊन ठेवले. जखम स्वच्छ ठेवायला ते दुसऱ्या दिवसापासून उपयोगी पडेल, अशी माझी समजूत होती आणि ती पूर्ण चुकीची होती. दाढ काढल्यावर खळग्यात जी रक्ताची गुठळी धरते, तिच्याखालीच जखम भरून येत असते. ती निसटली तर हाड उघडे पडते आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो, ज्याला ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून पहिले २४ तास जोराने चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचे नाही. जिथे चूळसुद्धा वर्ज्य आहे तिथे पंपाचा झोत कसा चालेल, हा विचार मी खरेदीपूर्वी करायला हवा होता. पहिले तीन आठवडे यंत्र खोक्यातच राहिले.

त्या काळात खरी मदत झाली ती दवाखान्यातून मिळालेल्या, वाकड्या टोकाच्या प्लास्टिकच्या सिरिंजची. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, पाणी तोंडात नुसते घोळवून हलकेच बाहेर सोडत होते. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी खळगा पाहिला आणि त्यानंतर सिरिंज वापरायला सांगितली. खालच्या जबड्यातला खळगा वरून उघडा असल्याने प्रत्येक घासातले काही ना काही त्यात जाऊन बसते आणि नुसत्या चुळीने ते निघत नाही. सिरिंजचे टोक खळग्याच्या कडेशी धरून दट्ट्या हळूच दाबला की अडकलेला कण वर येतो. दाब किती द्यायचा हे आपल्या अंगठ्याच्या ताब्यात असते, आणि दुखऱ्या जागी याचे मोल मोठे आहे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे माउथवॉश आठवडाभर होते. त्याने तोंडाची चव जाते आणि ते लांबल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून सांगितलेल्या दिवसांपेक्षा अधिक वापरू नये, आणि टूथपेस्टने दात घासल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा.

वॉटर फ्लॉसरचे दिवस आले ते दीड महिन्याने, त्याच बाजूला तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने टेकवलेला खोटा दात, बसवल्यावर. तोपर्यंत मी तो इतर दातांवर सर्वांत कमी दाबाने वापरत होते. ब्रिजमधला मधला खोटा दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजू शेजारच्या दातांवर बसवलेल्या आवरणांना, म्हणजे क्राऊनला, जोडलेल्या असल्यामुळे साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून आत जाऊच शकत नाही. पहिल्या रात्री ब्रश करून, तोंड स्वच्छ आहे अशा खात्रीने झोत त्या फटीत धरला, तर जेवणातले कण बेसिनमध्ये पडले. ब्रशच्या आवाक्याबाहेर किती उरते हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले. साधारण दहा दिवसांत तिथल्या हिरडीतून येणारे रक्तही थांबले. नव्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे : नोझल तोंडात गेल्यावरच बटण दाबावे, झोत हिरडीच्या रेषेशी काटकोनात धरावा, बेसिनवर वाकून ओठ सैल मिटावेत आणि पाणी कोमट घ्यावे. गार पाण्याने क्राऊनखालच्या दाताला कळ येते.

आता त्या टोपीविषयी. चार्जिंगचे छिद्र यंत्राच्या पाठीवर, अगदी खाली आहे, म्हणजे मनगटावरून ओघळणारे सगळे पाणी जिथे येऊन थांबते नेमके तिथे. त्यावर नखाएवढी रबरी टोपी असून ती एका बारीक पट्टीने जोडलेली आहे. दर चार्जिंगला ती ओढायची आणि पुन्हा दाबून बसवायची. चौथ्या महिन्यात पट्टी ताणली गेली आणि टोपीचा एक कोपरा वर राहू लागला. मी रोज ती अंगठ्याने दाबत असे, वापरानंतर फडक्याने पुसत असे, यंत्र उलटे ठेवून वाळवत असे. खोक्यावर आयपीएक्स७ असे ठळक छापलेले आहे. त्याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवले तरी आत पाण्याने नुकसान होऊ नये, एवढाच. ती चाचणी नव्या, घट्ट बसणाऱ्या टोपीची असते. शेकडो वेळा उघडलेल्या टोपीविषयी ती काहीच सांगत नाही, आणि तशी टोपी सुटा भाग म्हणून विकतही मिळत नाही. रबराच्या एवढ्याशा तुकड्यासाठी मोटर, पंप, बॅटरी हे सगळे धडधाकट यंत्र टाकून द्यायला लागावे, याचा मला मनापासून संताप येतो.

दुरुस्ती केंद्राचे म्हणणे असे की मी टाकीत मिठाचे पाणी घातल्याने बिघाड झाला. मी ते अधूनमधून घालत होते, हे खरे आहे. परंतु पुस्तिकेत त्याला मनाई नाही. त्यानंतर साधे पाणी फिरवून यंत्र धुवावे, अशी सूचना आहे आणि मी ती पाळत होते. शिवाय त्यांनीच पाठवलेल्या छायाचित्रात पंप स्वच्छ आहे आणि पांढरा थर आहे तो चार्जिंगच्या पिनांवर, म्हणजे पाणी टाकीकडून नव्हे तर टोपीकडून आत शिरले.

यंत्र नसलेल्या या पंधरा दिवसांत माझे एक मत मात्र बदलले. इतके दिवस मी ब्रिज बसवलेल्या प्रत्येकाला वॉटर फ्लॉसर घ्याच, असे सांगत होते. आता सुपरफ्लॉसचे, म्हणजे ब्रिजखाली घालता येणाऱ्या खास फ्लॉसचे, ताठ टोक ब्रिजखालून ओवून, त्याचा फुगीर भाग खोट्या दाताच्या तळाशी मागे-पुढे फिरवते, आणि कडेच्या फटींत इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटींसाठीचा बारीक ब्रश) घालते. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगाची गोळी चघळायला दिली होती, तेव्हा रोज झोत मारूनही ब्रिजच्या आतल्या कडेला चिकट थराची रेघ रंगली होती. या वेळी ती जवळजवळ नव्हती. झोत सुटे कण उत्तम काढतो, पण चिकटून बसलेल्या थराला प्रत्यक्ष घासणेच लागते, असा माझ्या तोंडापुरता निष्कर्ष आहे. तेव्हा खर्च करायचा असेल तर आधी सुपरफ्लॉस आणि योग्य मापाचे इंटरडेंटल ब्रश घ्यावेत. मापे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत, कारण जाड ब्रश फटीत रेटल्यास हिरडी दुखावते.

पुन्हा घेतलाच तर थेट वायरवर चालणारा, टेबलावर ठेवायचा वॉटर फ्लॉसर घेईन. त्याला चार्जिंगचे छिद्रच नसते आणि टाकीही मोठी असते. जुने यंत्र देऊन सवलतीत नवे घ्या, हा केंद्राचा प्रस्ताव मी नाकारला आहे, कारण नव्यालाही तीच टोपी आहे. टोपीचे आणि पिनांचे छायाचित्र जोडून दुसरे पत्र पाठवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.