नाशिकात घर कुठं बघावं: गावात, पंचवटीत, सिडकोत, नाशिकरोडला की गंगापूर रोडला?

लग्न होऊन नाशिकरोडच्या जेलरोडला गेले तेव्हा शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "उद्या नाशिकला जायचंय, येतेस का?" मला कळेचना. आम्ही नाशिकातच तर राहत होतो! मग उलगडा झाला. नाशिकरोडच्या माणसाचं 'नाशिक' म्हणजे शालिमार, मेनरोड, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक). सिडकोतली माणसं त्याच मेनरोडला 'गावात' जातात. पंचवटीकर 'पलीकडे' जातात. गंगापूर रोडवाले शक्यतो जातच नाहीत.

ही नुसती बोलण्याची लकब नाही. १९८२ साली महापालिका झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वेगवेगळ्या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून. कागदावर शहर एक झालं, माणसं अजून आपापल्या गावातच राहतात. म्हणून इथं घर बघताना नुसतं भाडं आणि खोल्या ताडून भागत नाही. आपण कोणत्या गावात राहायला चाललोय, ते आधी ठरवावं लागतं.

सध्या हा विषय आमच्याकडे रोज निघतो, कारण भाची भुसावळहून इथं येतेय. जावयांना अंबड एमआयडीसीत नोकरी लागली, सासूबाई सोबत, मुलगा आठवीत. तिच्या यादीत वरची पाचही नावं आहेत. माझं माहेर गावात, तिवंध्याजवळ, नंतर अकरा वर्षं जेलरोड, आता चौदा वर्षं सिडको. त्यामुळे मी नि:पक्षपाती वगैरे नाही, हे आधीच सांगते.

गाव आणि पंचवटी

दोन्हींच्या मध्ये गोदावरी. तिला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही, आपण 'गंगेवर' जातो. उजव्या काठाला जुनं गाव, डाव्या काठाला पंचवटी. बाहेरच्याला दोन्ही सारखीच वाटतात, गल्ल्या, देवळं, गर्दी. पण चैत्रात कामदा एकादशीला बघा. काळाराम मंदिरातून दोन रथ निघतात. गरुडरथ नदी ओलांडून गावात फिरून येतो, रामरथ मात्र पंचवटी सोडत नाही. दोन्ही काठांचं नातं तेवढ्यात समजतं.

गावात राहण्याचं सुख म्हणजे सगळं पायाखाली. सराफ बाजार, भांडी बाजार, घाऊक औषधांची गोळे कॉलनी, १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय (आमच्या भाषेत 'सावाना'), बुधवारी गंगेवरचा आठवडे बाजार. गाडी नसली तरी अडत नाही. उलट गाडी असली तरच अडतं, कारण ती लावायची कुठं?

आणि रंगपंचमी. नाशिकची खरी धुळवड तीच. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात. रंगपंचमी जवळ आली की वरची माती काढायची, लाकडी ओंडके बाजूला करायचे, हौद धुऊन त्यात रंग कालवायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्या दिवशी आधी पूजा होते, मग लोक काठावरून आत 'धप्पा' मारतात आणि पाणी समोरच्या घरांच्या माडीपर्यंत उडतं. तिवंध्याची रहाड आमच्या घरापासून दोन मिनिटांवर. आई आदल्या रात्रीच गॅलरीतल्या गाद्या आत ओढायची, तरी दरवर्षी एक तरी उशी रंगायचीच.

मग मी भाचीला गावात राहा का म्हणत नाही? वाडे थकलेत. आमच्याच वाड्याची मागची भिंत एका श्रावणात पहाटे बसली. नशीब, त्या खोलीत कुणी झोपत नव्हतं. दुरुस्ती करावी तर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौदा नावं, त्यातली चार परदेशात. तुम्ही भाड्यानं घेणार असाल तर पावसाळ्याआधी छताच्या तुळया स्वतः बघा. विकत घेणार असाल तर उताऱ्यावरची नावं आधी मोजा, फरशी मग बघा.

नदीकाठी, कोणत्याही बाजूला, आणखी एक गोष्ट विचारायची: पूररेषा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्यानं गोदाघाटावर जाऊन दुतोंड्या मारुती बघून यावा. पाणी त्याच्या कमरेला लागलं की भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली ते कमरेवर थांबलं नाही.

पंचवटीबद्दल माझं मत थोडं कडू आहे, पण प्रामाणिक आहे. रामकुंडाजवळची पंचवटी यात्रेकरूंची आहे. पहाटे दशक्रियेला आलेल्या गाड्या, दुपारी बसमधून उतरलेले लोक. १९३० साली डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी प्रवेशासाठी सत्याग्रह केला तो याच काळारामाच्या दारात, आणि त्या इतिहासाचा अभिमान इथल्या कित्येक घरांत रामनवमीइतकाच जिवंत आहे. पण रोज भाजी आणायला त्या गर्दीतून जायचं तर उत्साह टिकत नाही. दिंडोरी रोड, म्हसरूळ, आडगावकडे सरकलं की चित्र बदलतं: रुंद रस्ते, नव्या इमारती, मार्केट यार्ड जवळ, अजून द्राक्षबागांचा वास. शेतीशी किंवा दिंडोरी-पेठ बाजूशी कामधंदा जोडलेला असेल तर तिथं जरूर बघावं. सिंहस्थाचं मात्र डोक्यात ठेवा. २०१५ साली पर्वणीच्या दिवशी पंचवटीतल्या माझ्या नणंदेला स्वतःच्याच गल्लीत जायला वळसे घालावे लागले, आणि घरी पाहुणे एकोणीस. पुढचा सिंहस्थ दारात आहे.

सिडको आणि नाशिकरोड

दोन्ही कामगारांची गावं, पण कामगारांच्या जाती वेगळ्या.

नाशिकरोड सरकारी नोकरीवर वाढलं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची, शिवाय रेल्वे, तुरुंग, एकलहऱ्याचं वीजकेंद्र, पलीकडे देवळाली कॅम्प. 'प्रेसमध्ये आहे' एवढं सांगितलं की मुलगी द्यायला लोक तयार, असा काळ होता. त्यातून आलेला एक निवांतपणा आजही जाणवतो. संध्याकाळी मुक्तिधामला चक्कर, बिटको चौकात खरेदी, सगळं तिथल्या तिथं. लष्करातले, रेल्वेतले, देशभरातून बदलून आलेले शेजारी, त्यामुळे जेलरोडच्या माझ्या मजल्यावर चार घरांत चार भाषा होत्या. मुंबईला वरचेवर जाणाऱ्यानं तर दुसरीकडे बघूच नये. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि आधी घरापासून स्टेशनपर्यंत शहर ओलांडायचं, ही शिक्षा आहे. उलट, काम सातपूर-अंबडला असेल तर नाशिकरोड तितकंच वाईट. वाटेतला द्वारकेचा चौक सकाळी साडेनऊला एकदा अनुभवा. वडाळा-पाथर्डी रस्त्यानं चुकवता येतो, पण पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाला रोजचा तो फेरा नकोसा होतो.

सिडको म्हणजे 'नवीन नाशिक', पण ते नाव फक्त पाट्यांवर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सिडकोनं स्कीमवार घरं बांधली, पहिली ते सहावी. पत्ता सांगताना आजही 'चौथ्या स्कीमला' म्हणतात. मूळ घर इवलंसं. मग प्रत्येकानं वर मजला चढवला, पुढं गॅलरी काढली, आणि आता समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांतून वाटीभर साखर देता येते. अतिशयोक्ती वाटेल, पण मी दिली आहे. अडचण उघड आहे: उजेड कमी, गल्लीत चारचाकी शिरली की सगळं ठप्प, आणि शेजारच्याच्या टीव्हीवर काय चाललंय ते आपल्याला पाठ.

पण भुसावळच्या माणसासाठी सिडको म्हणजे काय, ते श्रावणात कळतं. जळगाव-धुळ्याकडून आलेली इतकी कुटुंबं इथं आहेत की भाजीवालीशी अहिराणीत भाव करता येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी, कानबाई बसते. आमच्या समोरच्या घरी आदल्या दिवशीच भाऊबंद गोळा होतात, रोटांसाठी गहू मोजून घेतात, जेवढी घरातली पुरुषमाणसं तेवढ्या मुठी. नारळाला डोळे, नथ, दागिने, चौरंगावर साडी. रात्रभर गाणी. सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन बाया नाचत विसर्जनाला निघतात. पहिल्या वर्षी मी कानात कापूस घातला होता. तिसऱ्या वर्षापासून मलाच टाळ दिला.

गंगापूर रोड, आणि घाईत इंदिरानगर

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड ही पैसेवाल्यांची बाजू, असं म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. एचपीटी कॉलेज १९२४पासूनचं, जवळच भोसला मिलिटरी स्कूल, पुढं केटीएचएम कॉलेज, कुसुमाग्रज स्मारक. शिकणाऱ्यांची वस्ती आहे, आणि आठवी ते बारावीतलं मूल घरात असेल तर क्लासच्या फेऱ्या वाचतात. झाडी आहे, सोमेश्वरला फिरायला जाता येतं. भाडं अर्थातच झोंबतं. आणि दार बंद असतं. माझी मैत्रीण सहा वर्षं तिथं आहे, समोरच्यांचं आडनाव तिला पाटीवरून माहीत. ज्याला नेमकं हेच हवंय, त्यानं खुशाल जावं. मीही कधीकधी कानबाईच्या रात्री तिचा हेवा करते.

इंदिरानगर-पाथर्डी फाटा हा मधला मार्ग. फ्लॅट बरे, अंबड जवळ, मुंबईचा महामार्ग जवळ, शेजार मिश्र. महामार्गाखालच्या बोगद्याची कोंडी सोडली तर तक्रारीला जागा नाही, आणि अजून जपून ठेवावं असं काही तिथं साठलेलंही नाही.

भाचीनं दोन घरं पक्की केलीत: पाथर्डी फाट्याला दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसकट फ्लॅट आणि सिडकोत राणाप्रताप चौकाजवळ तळमजल्याच्या दोन खोल्या. जावयांचं मत फ्लॅटला आहे, मुलाचंही. सासूबाई परवा दोन्ही बघायला आल्या होत्या. फ्लॅटमध्ये त्यांनी नळ सोडून बघितला, खिडकी उघडली, काही बोलल्या नाहीत. चौकाजवळच्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना अहिराणीत विचारलं, कुठल्या तुम्ही? त्या तिथंच टेकल्या. आम्ही वरून-खालून घर बघून, मालकाशी डिपॉझिटचं बोलून बाहेर आलो, तरी त्यांचा चहा संपलेला नव्हता.